मोमेंट की डेजेएस?

नवीन जावास्क्रिप्ट प्रोजेक्टात तारखा हाताळायला मोमेंट आणि डेजेएस यातलं कुठलं पॅकेज (तयार कोड) टाकू, असं टीममधला एकजण विचारत होता. गिटहबवर लोकांनी दिलेले स्टार मोजत बसू नका, रेपो (पॅकेजचा कोड जिथे असतो ती जागा) उघडून बघा. मोमेंटवाल्यांनी 2020 मध्येच सांगितलंय की नवीन फीचर नाहीत, फक्त देखभाल. डेजेएस एकदम हलकं, पण टाइमझोन हवा तर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आणि टाइमझोन असे दोन प्लगइन, म्हणजे जादा तुकडे, वेगळे जोडायचे, ते विसरलं की डोकं फिरतं. लायसन्स दोघांचं एमआयटी, म्हणजे फुकट वापरता येतं.

मोमेंटची खरी खोड म्हणजे ॲड केलं की मूळ तारीखच बदलते, मी ड्यू डेट काढायला सात दिवस मिळवले आणि बिलाचीच तारीख पुढे सरकली, अख्खी दुपार गेली त्यात! डेजेएस मूळ तारीख तशीच ठेवून नवीन ऑब्जेक्ट देतं.

जुना कोड मोमेंटवर नीट चालतोय तर उगाच हात लावू नका, नवीन लिहिताय तर डेजेएस घ्या.