मेक-अ-विश इंडिया : नाव कळवायला उशीर करू नका

मेक-अ-विश ही गंभीर आजारी मुलांची मनातली एखादी इच्छा पूर्ण करणारी संस्था. तिचं नाव काढलं की बऱ्याच आईबापांच्या पोटात गोळा येतो. ‘म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले का?’ अजिबात नाही. अट जिवावर बेतू शकणाऱ्या आजाराची आहे, शेवटच्या अवस्थेची नाही. वय ३ ते १८. इच्छा पूर्ण झाल्यावर उपचार संपवून पुन्हा शाळेत जाणारी मुलं कितीतरी आहेत. या गैरसमजापायी नाव उशिरा कळवलं जातं, आणि मग मूल इतकं थकलेलं असतं की त्याला काहीच नको असतं.

भारतात ही संस्था १९९६ पासून आहे, मुख्यालय मुंबईत. मूळ कल्पना १९८० ची, अमेरिकेतल्या ॲरिझोनातली. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेल्या सात वर्षांच्या मुलाला पोलीस व्हायचं होतं. तिथल्या पोलिसांनी त्याच्या मापाचा गणवेश शिवून घेतला.

नाव आईवडील, डॉक्टर किंवा रुग्णालयातले समाजसेवक कळवू शकतात. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना गाठणं सगळ्यात सोपं. आजार अटीत बसतो का, हे उपचार करणारे डॉक्टर सांगतात. कुटुंबाला खर्च शून्य. संस्थेच्या नावाने कुणी फॉर्मची फी मागितली तर तो ठग समजा. मात्र उपचारासाठी इथून पैसे मिळत नाहीत. त्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी वेगळी करावी लागते.

खरं कसब मुलाला इच्छा विचारण्यात आहे. आई शेजारी बसली की मूल तिच्या तोंडाकडे बघतं आणि ‘लॅपटॉप’ म्हणतं. घरात कोणाला काय हवंय हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून संस्थेच्या स्वयंसेवकाला मुलाशी एकट्याने बोलू द्या. कागद-खडू दिले, घाई केली नाही, की ‘लाल सायकल, पुढे बास्केटवाली’ असं नेमकं उत्तर येतं. ते तसंच लिहून घ्यावं. निळी सायकल म्हणजे दुसऱ्याच कुणाची इच्छा. आणि बाहुली मागितली तर बाहुलीच द्यावी. इच्छा महाग नाही म्हणून मोठ्यांनी ती बदलू नये.

वेळेचं गणित मात्र रक्ताच्या रिपोर्टवर ठरतं. तीव्र ल्युकेमियाच्या नेहमीच्या प्रकारात उपचार दोन-तीन वर्षं चालतात. पहिल्या महिन्यात पांढऱ्या पेशी खूप उतरतात, गर्दीतून संसर्ग होतो, ताप आला तर तातडीने रुग्णालय गाठावं लागतं. तेव्हा प्रवास, समारंभ, पाहुणे नकोत. नाव मात्र तेव्हाच कळवून ठेवावं. पुढच्या, गोळ्यांवर भर असलेल्या मेंटेनन्सच्या टप्प्यात मूल बरंच हिंडतं-फिरतं असतं. सहलीला तो काळ चांगला, तोही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर.

वस्तूंचंही तसंच. प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असताना सायकलवरून पडणं म्हणजे आतून रक्तस्राव होण्याची भीती, त्यामुळे सायकल आली तरी त्यांची संख्या वर येईपर्यंत ती उभीच राहते. फरची खेळणी धूळ धरतात. वॉर्डात पुसता येणारं खेळणं बरं. टॅब मिळणार असेल तर गावी वीज आणि रेंज आहे का, हे आधी सांगा.

नटाला किंवा खेळाडूला भेटायची इच्छा सगळ्यात जास्त लांबते, कारण तारीख समोरच्याच्या हातात असते. तोवर मुलाला दिवस सांगू नका. फोटोंची परवानगीही घाईत देऊ नका. नको वाटलं तर नाही म्हणा, आणि फॉर्मवर तसं लिहा.