ईलॅबएफटीडब्ल्यू, अकरा महिन्यांनंतर: खोडलेला आकडा गेला कुठे?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमचं प्रथिन डायलिसिसच्या पिशवीत (प्रथिनाभोवतीचं द्रावण बदलायला वापरतात ती) दुधासारखं पांढरं झालं. मार्चमध्ये हेच प्रथिन, हीच पद्धत, प्रयोग करणारी मुलगीही हीच, आणि तेव्हा पिशवीतलं द्रावण काचेसारखं स्वच्छ होतं. बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, काय वापरलं ते बघायला मी ईलॅबएफटीडब्ल्यूत, प्रयोगांच्या नोंदी ठेवायच्या आमच्या इलेक्ट्रॉनिक वहीत, मार्चची नोंद उघडली. ट्रिस बफर, पीएच ८.०. जूनची उघडली. ट्रिस बफर, पीएच ८.०. मग तीन आठवडे आम्ही भलतीकडेच शोधत राहिलो. प्रथिन वेगळं करायचं नवं रेझिन मागवलं, ते रेझिनवरून सोडवणाऱ्या इमिडाझोलची नवी बाटली फोडली, पेशी पुन्हा वाढवल्या. अनुदानातले अठरा हजार गेले, आणि ते मला अजून टोचतात.

शेवटी ती मुलगीच म्हणाली, "ताई, मार्चमध्ये मी आधी काहीतरी वेगळंच टाकलं होतं. मग बदललं. किती ते आठवत नाही."

मी म्हटलं, मग काय काळजी, इलेक्ट्रॉनिक वही आहे ना आपली, जुनी आवृत्ती काढू. काढायला गेले तर नव्हतीच. आमच्याकडे जुना मजकूर जपून ठेवायचा की नाही, हे बदल केवढा आहे त्यावर ठरत होतं, आणि ती मर्यादा होती १०० अक्षरांची. परिच्छेद बदलला तर जुना राहतो, एक आकडा बदलला तर जुना जातो. ही सेटिंग प्रशासकाच्या पानावर, वही बसवली त्या ऑगस्टपासून, समोर होती. प्रशासक मीच. मी ती कधी वाचली नव्हती.

वाचणाऱ्यांपैकी बरेच जण आपापल्या ग्रुपसाठी अशी वही बसवायच्या विचारात असतील, म्हणून हे एवढं लांबण लावून सांगते आहे. आपल्या कामात एक आकडा म्हणजेच सगळं असतं. एमएस्सीच्या पहिल्या दिवशी आपण मुलांना काय शिकवतो? खाडाखोड करू नका, व्हाइटनर लावू नका, चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. चूक वाचता आली पाहिजे. अमेरिकेत औषध कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी १९९७ मध्ये जो नियम आला, ट्वेंटीवन सीएफआर पार्ट इलेव्हन, त्यातही हेच आहे: बदल करताना आधीची नोंद झाकली जाता कामा नये. आमच्या दीडशे रुपयांच्या रजिस्टरला हे न सांगता जमत होतं.

त्या रात्री मी लॅबप्रमुख सरांना मेसेज केला की सोमवारपासून पुन्हा रजिस्टरं आणते. खरंच आणणार होते.

आता ही वही का घेतली, ते थोडक्यात. आम्ही नऊ जण आहोत. आधी एका कंपनीच्या वहीची चौकशी केली होती. तिचे पैसे माणशी, दरवर्षी आणि डॉलरमध्ये. शिवाय सोडून जायचं झालं तर हातात नुसत्या पीडीएफ. ईलॅबएफटीडब्ल्यू मुक्त आहे, एजीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली. पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमध्ये निकोला कार्पी यांनी २०१२ च्या सुमारास ती सुरू केली, म्हणजे प्रयोगशाळेतल्याच माणसाने प्रयोगशाळेसाठी केलेली गोष्ट, आणि ते वापरताना जाणवतं. विभागातला एक पडून असलेला डेस्कटॉप घेतला, त्याला नवी एसएसडी आणि यूपीएस लावला, डॉकरवर (प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट एका डब्यात चालवायची सोय) वही चढवली. एकूण खर्च नऊ हजारांच्या आत. डॉकर माहीत असलेला कोणीतरी हाताशी हवा. आमच्याकडे बायोइन्फर्मॅटिक्सचा एक मुलगा होता, त्याने दोन दुपारी घेतल्या.

आता बफरकडे येते, कारण उत्तर सापडलं ते वहीत नाही, कोल्ड रूममध्ये, म्हणजे चार अंशांच्या थंड खोलीत. खालच्या फळीवर मागे सरकवलेली एक लिटरची बाटली होती, तळाशी बोटभर बफर उरलेला. तिच्यावरच्या कागदी टेपवर मार्करने लिहिलं होतं: ट्रिस, मार्चची तारीख, मग ८.६, त्यावर रेघ, खाली ८.०, आणि बारीक अक्षरात "को.रू.", म्हणजे कोल्ड रूम. मी तिथे थंडीत उभी राहून ती टेप चार वेळा वाचली.

ट्रिस वापरणाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल. तापमान एक अंश उतरलं की ट्रिसचा पीएच साधारण ०.०३ ने चढतो. पंचवीस अंशांना ८.० वर लावलेला बफर चार अंशांना ८.६ च्या आसपास जातो. मार्चमध्ये पोरीने कोल्ड रूममधल्या बफरचा पीएच तिथेच मोजला, ८.६ आला, तो नोंदवला, मग ॲसिड घालून थंडीतच ८.० वर आणला आणि वहीत ८.६ च्या जागी ८.० केलं. तिच्या दृष्टीने बरोबरच केलं. जूनमध्ये बफर बाहेर टेबलावर ८.० ला लावला, डायलिसिस आत ठेवलं, आणि आत तो ८.६ झाला. आमच्या प्रथिनाचा समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या पीएचला त्याच्यावरचा एकूण भार शून्य होतो आणि ते सहज साकळतं, ८.७ च्या जवळपास. बसणारच ते खाली. मुळात त्याला हा बफर द्यायलाच नको होता, पण ती पद्धत लॅबमध्ये पिढीजात चालत आलेली. मार्चच्या नोंदीत तो ८.६ दिसला असता तर हे पाच मिनिटांचं काम होतं.

एवढं झाल्यावर रजिस्टरं आणली का? नाही. सोमवारी मी तीच जुनी रजिस्टरं कपाटातून काढली, म्हटलं हे प्रथिन याआधी कधी असं बसलं होतं का बघू. दोन रजिस्टरांची पानं पावसाळ्यातल्या ओलीने चिकटलेली. एकात शाई उतरून मागच्या पानाची अक्षरं पुढच्यावर उमटलेली. एक रजिस्टर ज्याचं, तो परदेशी जाताना बरोबर घेऊन गेला. दिवसभरात हाती काही लागलं नाही. संध्याकाळी ईलॅबच्या शोधचौकटीत इमिडाझोलचा लॉट नंबर टाकला तर त्या बाटलीतून झालेले सगळे प्रयोग, कोणी, कधी, जेलच्या (प्रथिनं वेगळी करून पाहायच्या पट्टीच्या) फोटोंसकट, समोर उभे राहिले. त्यातल्या दोघांच्या पिशव्या थोड्या गढूळ झाल्या होत्या आणि त्यांनी ते लिहून ठेवलं होतं. बाटली निर्दोष आहे हेही त्यावरूनच ठरलं, कारण बाकीच्यांचं सगळं ठीक होतं. माझं मत तिथे फिरलं.

मग सेटिंग बदलली. अक्षरांची मर्यादा शून्यावर आणली, आणि किती आवृत्त्या ठेवायच्या तो आकडा १० वरून ५०० केला. नुसतं बदलून थांबू नका, तपासा: मी एक खोटी नोंद केली, ८.६ लिहून जतन केलं, ८.० केलं, आणि जुनी आवृत्ती दिसते याची खात्री करून घेतली. शिवाय लॅबचा नियम केला की आकडा पुसायचाच नाही. जुन्यावर रेघ, शेजारी नवा, आणि का बदलला ते दोन शब्दांत. पीएचच्या पुढे तापमान लिहिल्याशिवाय नोंद पुरी धरत नाही. टेम्प्लेटमध्येच ती जागा केली आहे.

शनिवारी प्रत्येक जण आठवड्याच्या नोंदींवर टाइमस्टॅम्प, म्हणजे बाहेरच्या सेवेचा वेळेचा शिक्का, घेतो. त्यात मजकूर बाहेर जात नाही, फक्त त्याचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला बोटाच्या ठशासारखा आकडा, जातो, त्यामुळे सरांची पेटंटची काळजी मिटली. पण टाइमस्टॅम्प एवढंच सांगतो की हा मजकूर त्या वेळी असाच होता. शुक्रवारी काय पुसलं, ते त्याला कळत नाही. यावर विसंबून मी सहा महिने निर्धास्त होते.

बॅकअपचं एकच सांगते: डेटाबेस आणि अपलोड केलेल्या फायलींचं फोल्डर, दोन्ही घ्या. नुसत्या डेटाबेसमध्ये जेलचे फोटो नसतात. आम्ही रोज रात्री दोन्हींची प्रत दुसऱ्या इमारतीतल्या मशीनवर टाकतो आणि महिन्यातून एकदा ती उघडून बघतो. कोणी लॅब सोडताना त्याच्या नोंदी ईएलएन फायलीत (इलेक्ट्रॉनिक वह्यांमधल्या देवाणघेवाणीचा फाइल प्रकार) काढून देतो, म्हणजे वही घेऊन जायचा प्रश्न उरत नाही.

त्या बाटलीवरची टेप मी सोडवली नाही, बाटलीसकट फोटो काढला आणि मार्चच्या नोंदीला जोडला. मुलीने खाली स्वतः लिहिलं: आधी ८.६, चार अंशांना मोजलेला. आज ती नोंद उघडली की तिच्या दोन आवृत्त्या दिसतात.