ऑइल ओढणारा हातपंप: आठ महिने आणि नऊ ऑइल बदलांनंतर

डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीच्या) नळीतून इंजिनचं जुनं ऑइल वर ओढणारा सहा लिटरचा हातपंप, तीन हजारांच्या आतबाहेर मिळतो. सांगलीच्या विश्रामबागेतल्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये वापरला, जास्त करून पेट्रोल स्विफ्टवर. मत आधीच सांगतो: ऑइल काढायला झकास. ‘गाडीखाली जायची गरजच नाही’ ही जाहिरात मात्र निम्मी खरी, कारण स्विफ्टचा ऑइल फिल्टर खालूनच काढावा लागतो.

इंजिन पाच-सात मिनिटं चालवून बंद करा, दहा मिनिटं थांबा. ऑइल कोमट आणि पातळ हवं, चटका देणारं नको. फार गरम असलं की पंपाची बारीक नळी मऊ पडून चपटी होते आणि पंप कितीही मारला तरी काही येत नाही. नळी सोडताना खालच्या ऑइल चेंबरचा तळ हाताला जाणवतो, तिथेच थांबायचं. आणखी ढकलली की टोक वळून वर येतं आणि निम्म्यातच गुडगुड करत हवा ओढायला लागतं. नवख्याला वाटतं, झालं रिकामं. मग आत लिटरभर जुनं, त्यावर तीन लिटर नवं! पातळी खुणेच्या वर गेली की क्रँक (इंजिनचा फिरता दांडा) ऑइल घुसळतो, ताकासारखा फेस होतो आणि ऑइलचं प्रेशर घसरतं.

डब्यावरच्या लिटरच्या खुणांवर विसंबू नका, वजनकाटा घ्या. लिटरभर इंजिन ऑइल साधारण 850 ग्रॅम भरतं. या स्विफ्टला फिल्टरसकट 3.1 लिटर लागतं. फिल्टरमध्ये राहणारं वजा केलं, तरी पट्टीवर पातळी पूर्ण असताना पंपातून सव्वादोन किलोच्या वर यायला हवं. दीड किलोवर अडकलं तर नळी दोन बोटं वर घ्या, फिरवा, पुन्हा सोडा.

फिल्टरसाठी पुढची चाकं रॅम्पवर, मागच्यांना दगड. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये, एवढं एकच. फिल्टरला आधी प्लॅस्टिकची पिशवी चढवा. आतलं कपभर ऑइल कोपरापर्यंत ओघळतं ते वाचतं. काढल्यावर जुनं रबर इंजिनलाच चिकटून राहिलंय का, हे बोट फिरवून बघा. त्यावर नवा फिल्टर बसला की दोन रबरं एकावर एक होतात आणि चालू इंजिनचं ऑइल तिथून फवारत बाहेर येतं. नव्या रबराला ऑइलचं बोट लावा, रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा. पाना फक्त सोडायला.

चेंबरच्या तळाचा ड्रेन नट दर वेळी न खोलणं हा या पंपाचा खरा फायदा. आटे जातात ते बहुधा नट वाकडा लावून पान्यावर लांब पाइप घालून आवळल्याने. तरी दर तिसऱ्या बदलाला नट खोला, वॉशर नवा टाका. तळाचा गाळ आणि धातूचा चुरा पंपात दिसत नाही, नटाबरोबर दिसतो.

नवं ऑइल तीन लिटरच ओता. अर्धा मिनिट इंजिन चालवा, ऑइलचा दिवा विझतो का बघा, पाच मिनिटांनी पट्टी बघून उरलेलं थोडंथोडं घाला. कंपनी 10,000 किलोमीटर किंवा वर्ष म्हणते. पण नुसत्या सांगली-मिरज फेऱ्या असतील तर इंजिन नीट तापतच नाही, ऑइलमधला ओलावा उडत नाही. अशा गाडीवाल्यांनी 5,000 ला बदलावं. कारचं उरलेलं ऑइल स्प्लेंडरमध्ये ओतायची युक्ती करू नका. तिथे क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, घसरायला लागतो. बाइकसाठी डब्यावर जासो एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणारा दर्जा) लिहिलेलंच घ्या.

पंपाची तक्रार एकच. पाचव्या महिन्यात दट्ट्याची ओ-रिंग (रबरी कडी) कोरडी पडून व्हॅक्यूम धरेना. थेंबभर ऑइल लावल्यावर पुन्हा पहिल्यासारखा. बारीक नळी मात्र कडक होत चालली आहे, जास्तीची मागवून ठेवा.

काळं ऑइल डब्यात झाकून गॅरेजवाल्याकडे द्या, तो गोळा करणाऱ्याला देतो. सेंट्रिंगवाले फळ्यांना लावायला मागतात, कुणी वाळवीसाठी. देऊ नये, ते शेवटी मातीत मुरतं. गटारात तर नाहीच. सांगलीचं जे सांडपाणी शेरी नाला कृष्णेत नेतो तेवढं पुरे आहे.