लांब पल्ल्याच्या माउंटन बाइक राइडसाठी ट्यूब की ट्यूबलेस?

दौलताबाद, खुलताबाद, म्हैसमाळ या भागातील आयोजित राइडमध्ये उतरताना गिअरची चर्चा फार होते, टायरची कमी; वास्तविक पावसाळा सरल्यावर पाणंदींवर पसरलेला सराटा (जमिनीलगत वाढणारे काटेरी तण) आणि बांधावरच्या बाभळीचे काटे हेच पंक्चर करून स्वाराचा बराच वेळ खातात.

ट्यूबचा पर्याय स्वस्त आहे आणि गावातला पंक्चरवालाही ती जोडून देतो. मात्र हवा कमी ठेवल्यास दगडावर आपटून ट्यूब रिमजवळ चिमटते, म्हणून ती ३५ ते ४० पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजण्याचे एकक) भरावी लागते आणि मुरमाच्या रस्त्यावर हातांना प्रत्येक खडा जाणवतो.

ट्यूबलेस टायरमधील द्रव सीलंट लहान छिद्र आतून बुजवते, त्यामुळे सराटा रुतला तरी पांढरा फेस येतो, चाक दोन-चार फेरे फिरते आणि गळती थांबते. शिवाय २२ ते २८ पीएसआयवर पकड चांगली मिळते. खर्च अधिक आहे, आणि मराठवाड्याच्या उन्हात सीलंट लवकर सुकत असल्याने राइडच्या आठवडाभर आधी ते तपासणे आवश्यक ठरते. मी एकदा तपासले नव्हते. पुढचे सांगायला नको.

वेळमर्यादा असलेल्या राइडसाठी माझा कौल ट्यूबलेसला आहे, कारण मदतीची गाडी पाणंदीत शिरत नाही. तरीही एक ट्यूब सोबत असावीच, आणि ती घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवून रुतलेले सगळे काटे उपटून काढावेत.