इंक टँक की मोनो लेझर? घरच्या प्रिंटरची निवड

इंदूरच्या जेल रोडवर घरासाठी प्रिंटर मागितला की बहुधा इंक टँकच, म्हणजे टाकीत पातळ शाई भरायचा प्रिंटर, पुढे येतो. रंगीत छपाई, पानामागे खर्च अगदी कमी, वीजही थोडीच. मुलांचे प्रोजेक्ट सतत चालू असतील तर तोच घ्या. पण आपली रीत अशी, की प्रिंटर महिनाभर झाकलेला आणि दाखल्याची प्रत हवी झाली की त्याची आठवण! त्यात इथला कोरडा उन्हाळा. शाई नोझलमध्ये सुकते, मग साफसफाईतच बरीच वाया जाते. मोनो लेझर, म्हणजे फक्त काळं छापणारा लेझर प्रिंटर, त्याचा टोनर म्हणजे मुळात कोरडी पूड. ती सुकणार काय? रंग मात्र विसरा. शिवाय छापताना हा प्रिंटर शेकडो वॅट ओढतो, घरच्या इन्व्हर्टरवर लावू नका.

प्रिंटर विंडोज, मॅक, लिनक्स यांपैकी कशावर चालेल, हा प्रश्न शाई-टोनरचा नाहीच. खोक्यावर एअरप्रिंट लिहिलंय का ते पाहा. ॲपलने २०१० मध्ये आणलेली ही ड्रायव्हरशिवाय छापायची सोय आयपीपी या छपाईच्या खुल्या प्रोटोकॉलवर चालते, त्यामुळे लिनक्सवरची छपाई सांभाळणारं कप्सही सहसा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय वायफायवरून छापतं. मोप्रिया, म्हणजे अँड्रॉइडसाठीची तशीच सोय, असेल तर त्या फोनचंही भागतं. नुसत्या यूएसबीचा स्वस्त लेझर दिसला तर सावध, त्यातले बरेच कंपनीच्या ड्रायव्हरवाचून हलत नाहीत.

माझं मत वायफायवाल्या मोनो लेझरला. रंगीत फोटो काय, कोपऱ्यावरचा स्टुडिओ काढून देतो.