सौर प्रकाश सापळा: हुमणीला ठीक, संत्र्यावरील पतंगाला नाही

काटोल तालुक्यातील आमच्या संत्राबागेसाठी नागपूरच्या कॉटन मार्केट भागातील एका कृषी केंद्रातून हा सौर प्रकाश सापळा घेतला. बांधणीविषयी तक्रार नाही. अंधार पडताच दिवा आपोआप लागतो, आणि त्याखालच्या साबणाच्या पाण्यात हुमणीचे (पिकांच्या मुळ्या खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे, तुडतुडे व बारीकसारीक पतंग भरपूर पडलेले असतात. मात्र खोक्यावर ज्याचे नाव सर्वांत ठळक छापले आहे, तो फळातील रस शोषणारा पतंग त्यात क्वचितच सापडतो. त्याचे जीवनचक्र पाहता यात नवल नाही.

हा पतंग बागेत वाढतच नाही. मादी जंगलातील आणि बांधावरील गुळवेल, वासनवेल अशा वेलींच्या पानांवर अंडी घालते. सुरवंट तीच पाने खातो, अंगावरच्या डोळ्यांसारख्या ठिपक्यांनी शत्रूला दचकवतो आणि शेवटी पाने रेशमी धाग्यांनी जोडून आत कोषात जातो. साधारण महिनाभरात बाहेर पडणारा पतंग पंख पसरल्यावर ८ ते १० सेंटिमीटर भरतो, तरीही दिवसा तो डोळ्यांसमोर असून दिसत नाही, कारण मिटलेले पुढचे पंख हुबेहूब वाळक्या पानासारखे असतात. डिवचल्यावर तेवढे मागचे केशरी पंख आणि त्यांवरचा काळा डाग झळकतो. रात्री मात्र तो पिकत्या फळांच्या वासावर बागेत येतो आणि टणक, काटेरी टोकाची सोंड थेट सालीत खुपसतो. टाचणीने टोचल्यासारखे ते छिद्र दाबले की रस येतो. पुढे त्यातून बुरशी शिरते, भोवतीची साल मऊ व तपकिरी होते आणि आंबिया बहाराचे, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याचे, तयार होत आलेले फळ गळून पडते.

वासावर येणारा हा पाहुणा दिव्याला फारसा भुलत नाही. जपानमधील फळबागांत तर अशा पतंगांना दूर ठेवण्यासाठी पिवळे दिवे लावतात. खोका छापणाऱ्याने एवढे तरी वाचायला हवे होते. गळलेली फळे रोज उचलून पुरणे आणि रात्री बॅटरी घेऊन फळांवर बसलेले पतंग वेचणे, यांचा आमच्याकडे सापळ्यापेक्षा अधिक उपयोग झाला. बांधावरची गुळवेल उपटावी असाही सल्ला मिळतो, पण आमच्या घरी काढ्यासाठी तीच लागते.

हुमणीसाठी सापळा हवा असेल तर जरूर घ्यावा; केवळ या पतंगासाठी साडेतीन हजार रुपये घालू नयेत. घेतलाच, तर सापळ्यातील बॅटरीची हमी बिलावर लिहून घ्यावी, कारण आम्हाला ती तोंडीच मिळाली आहे.