लेखाशास्त्र, वित्त आणि फ्रॉड एक्झामिनेशन : एका पदवी अभ्यासक्रमाचा अनुभव

लेखाशास्त्र, वित्त आणि फ्रॉड एक्झामिनेशन या तीन विषयांची एकत्रित पदवी मी नुकतीच पूर्ण केली. पहिल्या वर्षापासूनच अफरातफरीची प्रकरणे उलगडायला मिळतील, अशी प्रवेश घेताना माझी समजूत होती. प्रत्यक्षात सुरुवातीची तीन सत्रे रोजकीर्द, खतावणी, तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांची जुळणी), घसारा आणि बँकेचा ताळमेळ यांतच गेली. तेव्हा कंटाळा आला, तरी अभ्यासक्रमाची सर्वांत भक्कम बाजू मी आज तीच मानते, कारण खोटी नोंद खटकायची असेल, तर खरी नोंद कशी असते हे आधी हातात मुरलेले असावे लागते.

चौथ्या सत्रात आम्हाला एका काल्पनिक कंपनीच्या वर्षभराच्या व्हाउचरांची जाडजूड फाइल दिली गेली. बेरजा बरोबर होत्या, प्रत्येक बिलावर मंजुरीची सही होती आणि तेरीजही जुळत होती. तिसऱ्या दिवशी आमच्या गटाच्या लक्षात आले की, साफसफाईचे काम करणाऱ्या एका पुरवठादाराच्या बारा महिन्यांच्या बिलांचे क्रमांक ११८ ते १२९ असे सलग होते आणि प्रत्येक रक्कम वरिष्ठांची मंजुरी जिथून लागते, त्या मर्यादेच्या किंचित खाली होती. पगारपत्रक काढून पाहिले, तेव्हा त्या पुरवठादाराचे बँक खाते खरेदी विभागातल्या एका कारकुनाचेच निघाले. आम्ही खुशीत असताना सरांनी विचारले, की खाते जुळले नसते तर केवळ सलग क्रमांकांवरून काय म्हणता आले असते? एकाच गिऱ्हाईकावर चरितार्थ चालवणारा प्रामाणिक माणूसही असू शकतो. संशय आणि पुरावा यांतले अंतर मला त्या एका प्रश्नाने जितके समजले, तितके कोणत्याही व्याख्यानाने समजले नाही.

बेनफर्डचा नियमही असाच त्याच्या मर्यादांसह शिकवला गेला, हे मला विशेष आवडले. लहानमोठ्या अनेक पटींत पसरलेल्या रकमांच्या मोठ्या संचात पहिला अंक १ असण्याचे प्रमाण सुमारे ३०.१ टक्के आणि ९ असण्याचे सुमारे ४.६ टक्के असते; मात्र ठरीव शुल्कांच्या किंवा वरची मर्यादा घातलेल्या रकमांच्या यादीला हा नियम लावला, तर निष्पापांवरच बोट रोखले जाते.

वित्ताचे बरेचसे तास गणिती सूत्रांत गेले आणि त्यांचा बाकीच्या विषयांशी सांधा क्वचितच जुळला. अपवाद होता वर्ल्डकॉम या अमेरिकी दूरसंचार कंपनीच्या प्रकरणाचा. इतर दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्या वापरण्यासाठी दिलेले शुल्क हा चालू खर्च. तो भांडवली खर्च म्हणून, म्हणजे अनेक वर्षे उपयोगी पडणाऱ्या मालमत्तेवरचा आणि म्हणून हळूहळू वजा होणारा खर्च म्हणून दाखवल्याने नफा तर फुगलाच, पण ती रक्कम रोख प्रवाह पत्रकात गुंतवणुकीच्या भागात सरकल्यामुळे कामकाजातून येणारी रोखही सुदृढ दिसू लागली. २००२ मध्ये सिंथिया कूपर यांच्या अंतर्गत लेखापरीक्षण पथकाने हे उघडकीस आणले. 'नफा फसवेल, रोख फसवत नाही' असे घोकणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना हे उदाहरण समोर असणे फार गरजेचे होते.

माझी खरी तक्रार मुलाखत आणि अहवाललेखन या दोन विषयांबद्दल आहे. आधी मोकळे प्रश्न, मग कागद समोर ठेवून नेमके प्रश्न आणि आरोपाची भाषा अगदी शेवटी, हा क्रम आम्ही पाठ केला. सराव मात्र तीन वर्षांत एकदाच, तोही जेमतेम वीस मिनिटांचा झाला. समोरचा माणूस गप्प बसला, तर ती शांतता सहन कशी करायची, हे पुस्तकातून येत नाही. कायद्याचा पेपरही कलमे पाठ करण्यापुरताच उरला आणि विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरसाठी एका संगणकावर चौघांना बसावे लागले. ज्यांना मूळ हिशेबात रस आहे, त्यांनी या उणिवा धरूनही हा अभ्यासक्रम जरूर घ्यावा. केवळ तपासाच्या थरारासाठी येणाऱ्यांना पहिले दीड वर्ष जड जाईल.

अहवालही आम्ही एकच लिहिला. त्यात मी 'कारकुनाने पैसे चोरले' असे लिहिले होते. सरांनी 'चोरले' या शब्दाखाली तांबडी रेघ ओढून समासात लिहिले, 'दोष ठरवणे हे न्यायालयाचे काम.' सुधारलेले वाक्य असे झाले : 'बारा बिलांची रक्कम अमुक क्रमांकाच्या खात्यात जमा झाली असून, त्या बिलांपोटी काम झाल्याची कोणतीही नोंद तपासलेल्या कागदपत्रांत आढळली नाही.'